पदवी घरपोच मिळते, विद्यापीठ नाही

(मीरा रोड इथे झालेल्या महिला गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती काढून इथे देत आहोत.)

मुलींच्या शिक्षणाचं महत्त्व या विषयावर मी बोलावं, असं आयोजक मैत्रिणींनी कळवलं होतं. पण महत्त्व आता कोणाला पटवायचं? इथे बसलेल्या प्रत्येकीला ते पटलेलं आहे. आपल्या घरातल्या पुरुषांनाही पटलेलं आहे, निदान तोंडाने तरी. म्हणून मी आज एका छोट्या प्रश्नावर बोलणार आहे. तो मागच्या महिन्यात आपल्याच एका बैठकीत आला होता.

बारावी झालेली एक मुलगी आईबरोबर आली होती. मार्क चांगले होते. तिला कॉलेजात जाऊन, वर्गात बसून बी.ए. करायचं होतं. वडील म्हणत होते, "बी.ए.च करायचंय ना? मग बाहेरून फॉर्म भर. घरी बसून अभ्यास कर. डिग्री तीच मिळते." आई मध्ये अडकलेली. ती आम्हाला विचारत होती, "ताई, यांचं काय चुकतंय? डिग्रीला तर ते नाही म्हणत नाहीत."

त्या दिवशी आपल्यातल्या बऱ्याचजणी म्हणाल्या, की खरंच, डिग्री मिळाल्याशी कारण. पैसे वाचतात, गाडीतली ओढाताण वाचते. मीही मान हलवली. घरी गेल्यावर मात्र ती मान मला टोचत राहिली. कारण मी स्वतः त्याच रस्त्याने बी.ए. झाले आहे, आणि त्या रस्त्यावर काय मिळत नाही हे मला चांगलं माहीत आहे.

हा प्रश्न समजून घ्यायचा तर आपल्या महिला विद्यापीठाचा इतिहास थोडा पाहायला हवा. म्हणजे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ. आपण सगळ्या 'एसएनडीटी' म्हणतो. आपल्यापैकी अनेकींनी नाव ऐकलंय, काहीजणींनी तिथून परीक्षाही दिल्या आहेत. पण ते उभं कसं राहिलं, हे आपल्याला फारसं कोणी सांगत नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं. तिथे पहिल्या बायका पदवीधर व्हायला १८८०चं दशक उजाडावं लागलं. त्याही बोटांवर मोजण्याइतक्या. शिक्षण इंग्रजीतून, कॉलेजं मोजक्याच शहरांत, वर्गात सगळे पुरुष. बाराव्या-तेराव्या वर्षी लग्न होणाऱ्या मुलीला तिथे पोचायला वाटच नव्हती. विधवा मुलीची तर गोष्टच सोडा.

धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. पहिली पत्नी वारल्यावर १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवा मुलीशी लग्न केलं. त्याच पुढे बाया कर्वे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा तिथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी ही गोदूबाईच. हे मी मुद्दाम सांगते. महिला विद्यापीठाच्या गोष्टीत आपल्याला फक्त अण्णासाहेब दिसतात. पण त्यांच्या घरात शारदा सदनात शिकलेली एक बाई होती, आणि बायकांनी एकत्र राहून शिकणं म्हणजे काय, हे तिने स्वतः अनुभवलेलं होतं. लग्नानंतर मुरुडला, कर्व्यांच्या गावी, या जोडप्यावर बहिष्कार पडला. १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू झाला, तो पुढे हिंगण्याला गेला. अण्णासाहेब मिळकत आश्रमात घालत, आणि संसार कसा चालवायचा हा प्रश्न बायांच्या पदरात पडे. त्यांचं 'माझे पुराण' मिळालं तर जरूर वाचा. संस्था उभी राहते तेव्हा घरातल्या बाईच्या वाट्याला काय येतं, ते त्यात आहे.

पुढे जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका अण्णासाहेबांच्या हाती आली. ते विद्यापीठ तोक्योला १९०१ साली निघालं होतं. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईत सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आपल्याकडेही असं विद्यापीठ हवं, असं मांडलं. १९१६ साली ते सुरू झालंसुद्धा. रा. गो. भांडारकर कुलपती, र. पु. परांजपे कुलगुरू. आणि विद्यार्थिनी किती? पाच.

पाच मुलींचं विद्यापीठ! लोक हसले असतील. आपल्या गटाच्या पहिल्या बैठकीला पाचजणी आल्या म्हणून आपण हिरमुसतो, तेव्हा हा आकडा आठवावा.

सुरुवातीपासून या विद्यापीठाने दोन गोष्टी केल्या. एक, शिक्षण मातृभाषेतून ठेवलं. इंग्रजी शिकवायचं, पण एक विषय म्हणून. पदव्यांची नावंसुद्धा आपली ठेवली. बी.ए.च्या तोडीची पदवी 'गृहीतागमा'. बायका नावापुढे जी.ए. लावत. दुसरी गोष्ट, कॉलेजात येणं शक्य नसेल तर घरी अभ्यास करून परीक्षेला बसायची सोय ठेवली. म्हणजे आज आपण ज्याला 'बाहेरून' म्हणतो, ती वाट या विद्यापीठाला नवी नाही. ज्या काळात बाईला उंबरठा ओलांडणं मुश्कील होतं, त्या काळात ती मोठीच गोष्ट होती.

पैसा नव्हता. बायांच्या बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा. आश्रमासाठी वर्गणी मागत त्या गावोगाव हिंडल्या होत्या. १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी जेमतेम. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून त्या राहिल्या, इंग्रजी शिकल्या, भाषणं केली. इथे घरकाम करणाऱ्या मैत्रिणी आहेत म्हणून सांगते, आपल्या विद्यापीठाच्या पायात एका मोलकरणीचा घाम आहे. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या आईच्या स्मरणार्थ १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला तिचं नाव मिळालं. १५ लाखांचं नाव इमारतीवर लागतं, पार्वतीबाईंचं लागत नाही. देणगीदाराला मी नावं ठेवत नाही. त्या पैशाशिवाय विद्यापीठ टिकलं नसतं. पण दोन्ही हिशेब आपल्या वहीत असावेत.

१९३६ साली विद्यापीठाचं मुख्य ठिकाण पुण्याहून मुंबईला आलं. तरीही सरकारची मान्यता नव्हती. कायदा झाला १९४९ साली आणि अंमलात आला १९५१ साली. १९१६ ते १९४९ म्हणजे ३३ वर्षं. या ३३ वर्षांत ज्या बायका इथे शिकल्या, त्यांच्या पदवीला सरकारदरबारी वजन नव्हतं.

मग त्या आल्या कशाला? 'डिग्री मिळाल्याशी कारण' हेच खरं असतं, तर या बायकांनी यायचं कारणच नव्हतं. त्यांना तिथे काहीतरी दुसरं मिळत होतं. वाचायला पुस्तकं, बोलायला बरोबरीच्या मुली, राहायला वसतिगृह, आणि दिवसातले काही तास जेव्हा त्या कोणाच्या बायको, सून, विधवा नव्हत्या. नुसत्या विद्यार्थिनी होत्या.

आता दुसरी बाजू. आपण चळवळीतल्या बायका, नुसतं कौतुक करून थांबता येणार नाही.

बहुतेक मुली पुढे गृहिणी आणि माता होणार, म्हणून त्यांचं शिक्षण वेगळं असावं, हा या विद्यापीठामागचा मूळ विचार होता. गृहशास्त्र, आरोग्य हे विषय त्यातून आले. विद्यापीठाचं ब्रीदवाक्य आहे 'संस्कृता स्त्री पराशक्तिः'. त्यातल्या 'संस्कृता' या शब्दाशी मी बरीच वर्षं भांडले आहे. शक्ती असायला आधी सुसंस्कृत व्हावं लागतं का, आणि सुसंस्कृत कोण हे ठरवणार कोण? शिवाय सुरुवातीच्या काळात इथे पोचल्या त्या मुख्यतः वरच्या जातींतल्या मुली. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींसाठी शाळा काढली, तेव्हापासून शिक्षणाची दुसरी एक वाट तयार होत होती. त्या वाटेवरच्या मुलींना या विद्यापीठाच्या दारापर्यंत यायला बराच काळ लागला.

पण संस्था काढणाऱ्यांच्या मनात एक असतं, आणि आत आलेल्या बायका तिचं दुसरंच काहीतरी करतात. चांगल्या माता घडवण्यासाठी काढलेल्या याच विद्यापीठात १९७४ साली नीरा देसाईंनी स्त्रियांच्या प्रश्नावर संशोधन करणारं केंद्र सुरू केलं. देशातल्या विद्यापीठांतलं अशा प्रकारचं हे पहिलं केंद्र. नीराबेन समाजशास्त्राच्या प्राध्यापक, स्वातंत्र्यचळवळीत वाढलेल्या.

तो काळ आठवा. मुंबईत १९७२ पासून महागाईविरोधी मोर्चे निघत होते. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर पुढे आणि मागे हातात लाटणी घेतलेल्या बायका. स्त्रियांच्या स्थितीविषयी नेमलेल्या समितीचा अहवाल १९७४ च्या अखेरीस आला आणि स्वातंत्र्यानंतर बायकांची परिस्थिती सुधारतेच आहे या समजाला तडा गेला. रस्त्यावर प्रश्न होते. त्या प्रश्नांचा अभ्यास करायची जागा या विद्यापीठात झाली. एप्रिल १९८१ मध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद इथेच भरली आणि त्यातून पुढे १९८२ साली स्त्री-अभ्यासाची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. बाईचं घरकाम हे काम आहे, त्याचं मोल मोजलं जात नाही, हे आपण आज शिबिरात सहज बोलतो. ते सहज झालं, कारण कोणीतरी कुठेतरी बसून ते लिहून काढलं, शिकवलं, त्यावर वाद घातला. असा वाद घालायला जागा लागते. ती पोस्टाने येत नाही.

आता माझी गोष्ट सांगते. ती मोठी नाही, पण इथल्या पुष्कळजणींची असेल.

१९८६ साली लग्न होऊन मी पेणहून भाईंदरला आले. आदल्याच वर्षी इथे नगरपालिका झाली होती. मिठागरं, नव्या इमारती आणि मधून चिखलाचा रस्ता. पाण्याचा टँकर येई, त्याच्या वेळेवर आमचा दिवस ठरे. माझी बारावी झालेली. पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे होते, तिथे पॅकिंगला काही महिने गेले. मग मुलगा झाला. रद्दीच्या पेपरात एकदा जाहिरात पाहिली, एसएनडीटीतून घरी बसून बी.ए. करता येतं म्हणून. पत्राद्वारे शिक्षणाची ही सोय विद्यापीठाने १९७९ साली सुरू केली होती.

नवरा म्हणाला, कर. सासूबाई म्हणाल्या, घर सांभाळून करणार असशील तर माझी ना नाही. घर सांभाळून! हे दोन शब्द लक्षात ठेवा, मी पुन्हा त्यांच्याकडे येणार आहे.

पोस्टाने पुस्तिका यायच्या. मुलगा झोपला की वाचायचं, टँकर यायच्या आधी पहाटे वाचायचं. अवघड शब्द अडला की विचारायला कोणी नाही. मी वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून ठेवायची. तीन वर्षांत ती पानं भरली, पण उत्तरं मिळाली नाहीत. परीक्षा दिल्या, पास झाले. पदवीचा कागद हातात आला. घरात पेढे वाटले. आणि दुसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथे. माझ्यात काय बदललं, असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. मी पुस्तकं वाचली होती, पण त्यांवर एका माणसाशीसुद्धा बोलले नव्हते.

मैत्रिणींनो, मी त्या पत्राद्वारे शिक्षणाला कमी लेखत नाही. ते नसतं, तर मी बारावीच राहिले असते. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं मुक्त विद्यापीठ निघालं, त्यानेही खेडोपाडीच्या हजारो बायकांना पुन्हा पुस्तक धरायला लावलं. ज्या बाईला दुसरी वाटच नाही, तिच्यासाठी ही वाट सोन्याची आहे. पण ती वाट पुढे जायला आहे, कोंडून घालायला नाही.

१९९३ साली मी एम.ए.चं नाव काढलं. समाजशास्त्र, आणि वर्गात बसून. सासूबाई म्हणाल्या, "बी.ए. घरी बसून झालं ना? मग हेही होईल." नवऱ्याचंही तेच. दोन महिने घरात धुसफूस झाली. शेवटी ज्या एका मुद्द्यावर परवानगी मिळाली तो मुद्दा असा, की ते विद्यापीठ फक्त बायकांचं आहे.

इथे क्षणभर थांबू या. "फक्त मुलींचं आहे म्हणून पाठवलं", हे वाक्य या विद्यापीठातल्या किती मुलींनी सांगितलं असेल, गणती नाही. आईबापांना वाटतं, तिथे पोरगी सुरक्षित राहील, म्हणजे आपल्या ताब्यात राहील. पुष्कळदा मला विचारतात, बायकांचं वेगळं विद्यापीठ हवंच कशाला? जगात पुरुष आहेतच ना? आहेत. आणि एक दिवस असं वेगळं विद्यापीठ लागू नये, असं मलाही वाटतं. पण ज्या घरात मुलीला पाठवायचं की नाही याचा निकाल अजून वडील, भाऊ, नवरा देतात, त्या घरातून निघायला हीच एक फट असेल, तर ती फट मी बुजवणार नाही. त्यांनी आम्हाला सुरक्षित ठेवायला पाठवलं. आम्ही तिथे जाऊन स्त्रीमुक्तीची पुस्तकं वाचली. आता याला काय करणार!

भाईंदर ते चर्चगेट साधारण ४३ किलोमीटर. विरारच्या गाडीत सकाळी भाईंदरला चढणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली महिला विशेष गाडी सोडली होती, १९९३ मध्ये ती विरारपर्यंत आली. आमच्यासारख्यांना तिचा केवढा आधार. त्या गाडीत भाजी निवडली जायची, हळदीकुंकू व्हायचं, नोकरीतल्या साहेबांची उणीदुणी निघायची. मी तिथे उभ्याने नोट्स वाचत असे. मंत्रालयात नोकरी करणाऱ्या एक काकू रोज मला टोकत, "काय वाचतेस, मोठ्याने वाच की. आम्हालाही कळू दे." मग मी मोठ्याने वाचायला लागले. हुंड्याच्या प्रकरणावर एकदा अख्ख्या डब्यात भांडण जुंपलं. पुढे मला वर्गात बोलायची भीती वाटली नाही, त्याचं श्रेय त्या डब्याला आहे.

चर्चगेटला उतरून चालत विद्यापीठात. पहिले काही दिवस मी वर्ग संपला की धावत गाडी पकडायची. घरी वेळेत पोचायचं होतं. मग एकदा एक मैत्रीण म्हणाली, ग्रंथालयात चल. तिथे लांब टेबलं होती. माझ्यासाठी एक खुर्ची होती, समोर पुस्तक, आणि दोन तास मला कोणी हाक मारली नाही. पाणी दे, चहा टाक, माझा टॉवेल कुठंय, काही नाही. सत्तावीस वर्षांच्या आयुष्यात हे पहिल्यांदा घडत होतं. आधी मला अपराधी वाटलं. नंतर झोप आली. खरंच सांगते, पहिल्या दिवशी मी त्या टेबलावर डोकं ठेवून झोपले. दुसऱ्या दिवसापासून वाचायला लागले.

वर्गात डहाणूकडची मुलगी होती, गुजराती घरातल्या दोघी होत्या, नवऱ्याने सोडलेली एक चाळिशीची बाई होती, आणि वसतिगृहात राहणाऱ्या मराठवाड्यातल्या मुली होत्या. त्यांच्या डब्यात जे असे ते मी कधी खाल्लेलं नव्हतं आणि त्यांच्या वस्तीत जे घडे ते मी कधी ऐकलेलं नव्हतं. जात म्हणजे काय, हे मी पुस्तकात वाचलं होतं. ज्या मैत्रिणीच्या डब्यातलं मी खात होते तिच्या आईला गावात पाणी भरायला अजून थांबावं लागतं, हे तिने पायऱ्यांवर बसून सांगितलं, तेव्हा मला ते कळलं. माझ्या घरातलं पाणी टँकरचं, पण माझ्या हातचं कोणी नाकारत नव्हतं. हा धडा कोणत्या पुस्तिकेत छापून पाठवणार?

आणि वहीच्या मागच्या पानांवरचे ते प्रश्न. त्यांतले बरेच मी पायऱ्यांवर, कँटीनमध्ये, बाईंच्या खोलीत विचारले. काहींची उत्तरं मिळाली, काहींवर भांडणं झाली. दुसऱ्या वर्षी नोटिसबोर्डावर एका मोर्चाची चिठ्ठी वाचून मी पहिल्यांदा मोर्चाला गेले. आज तुमच्यासमोर उभी आहे, ती त्या नोटिसबोर्डामुळे.

आता सर्वांत अवघड भाग. हे सगळं मला माहीत असूनही काय झालं, ते कबूल करायला हवं.

गेल्या वर्षी माझी सून म्हणाली, "आई, मला एम.ए. करायचंय. मानसशास्त्रात. रेग्युलर." नातू चार वर्षांचा. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "अगं, बाहेरून कर ना. घर सांभाळून होईल."

ती शांतपणे म्हणाली, "घर सांभाळून म्हणजे घर मीच सांभाळायचं, असंच ना?"

मला उत्तर आलं नाही. सासूबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण त्यांचे शब्द माझ्या तोंडातून निघाले होते. तिच्या काळजीने निघाले, हेही खरं. पण सासूबाईंनाही माझी काळजीच होती. आपल्यावर जे लादलं गेलं ते आपण सवयीने पुढच्या बाईला देतो, आणि त्याला व्यवहार म्हणतो. बैठकीत त्या मुलीसमोर मी जी मान हलवली, तीही ह्याच सवयीची.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. 'दूरशिक्षण' या शब्दातलं 'दूर' कोणी ठरवलं, ते दरवेळी विचारा. नोकरीमुळे, आजारपणामुळे, गाव लांब म्हणून मुलीने स्वतः ती वाट घेतली, तर तिला सगळी मदत करा. पण ती बाहेर पडू नये म्हणून घरच्यांनी घेतली असेल, तर ती शिक्षणाची सोय नाही, ती डांबून ठेवायची सोय आहे. पदवी हातात देऊन बंदी घालता येते, हे नवीन काळाचं कसब आहे.

२०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली होती. इथे कॉलेजं निघाली, ही चांगली गोष्ट आहे. तरी पुढचं शिकायचं तर बहुतेक मुलींना अजूनही दक्षिणेकडची गाडी धरावी लागते. नयानगरची मुलगी असो, उत्तनच्या कोळीवाड्यातली असो की भाईंदरच्या चाळीतली, तिचा प्रश्न तोच आहे. मग आपण काय करू शकतो?

एक, दरवर्षी दहावी-बारावीच्या निकालानंतर आपल्या गटातल्या मुलींना आणि त्यांच्या आयांना घेऊन एक दिवस विद्यापीठ दाखवायला जाऊ या. चर्चगेटला, जुहूला. आयांना नक्की न्या. ज्या आईने ग्रंथालयातली ती खुर्ची पाहिली, ती घरी जाऊन नवऱ्याशी भांडेल. वाटेत दहिसरला उतरून 'स्पॅरो'ही पाहता येईल. बायकांच्या आठवणी, आवाज, चित्रं जपणारं हे संग्रहालय १९८८ साली सुरू झालं, आणि ते उभं करणाऱ्यांमध्ये सी. एस. लक्ष्मी आणि नीरा देसाई होत्या. मीरा रोडपासून एक स्टेशन.

दोन, गाडीचा पास, फी, पुस्तकं यांच्यासाठी बचत गटातून मुलीच्या नावे बिनव्याजी कर्ज द्या. लग्नासाठी आपण देतोच.

तीन, ज्या बाहेरून शिकत आहेत त्यांना एकटं सोडू नका. आठवड्यातून एकदा या हॉलमध्ये त्यांचा अभ्यासगट बसवू. वहीच्या मागच्या पानावरचे प्रश्न विचारायला माणूस हवं. मी येईन.

चार, आणि हे आपल्यासारख्या सासवांसाठी, आयांसाठी. 'घर सांभाळून' हे शब्द तोंडात आले की गिळून टाका, आणि घर अजून कोण सांभाळू शकतं, त्यांची नावं मोजा.

माझी सून या जूनपासून जाते आहे. नातवाला बालवाडीत सोडायचं काम त्याच्या बापाकडे आहे, आणायचं माझ्याकडे. पहिल्या आठवड्यात माझ्या मुलाने दोनदा तक्रार केली. तिसऱ्यांदा मी त्याला सांगितलं, की तुला मांडीवर घेऊन मी परीक्षेचा अभ्यास केलाय, तेव्हा तुझं काही बिघडलं नाही. आता तो तक्रार करत नाही. निदान माझ्यासमोर तरी.

राहता राहिली बैठकीतली ती मुलगी. मी तिच्या घरी दोनदा जाऊन आले. वडील अजून हो म्हणालेले नाहीत. "विचार करतो" म्हणाले आहेत. आई मात्र पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "मला एकदा ते विद्यापीठ बघायचंय." येत्या शनिवारी आम्ही तिघी जातोय. ज्यांना यायचं असेल, त्यांनी भाईंदर स्टेशनवर बायकांच्या डब्याजवळ भेटा.